चामडे शिवणाऱ्या औद्योगिक यंत्राची मोटर सावकाश सुरू होणे : दोषशोधनाची पद्धत

प्रस्तावना

कानपूर, आग्रा, अंबूर किंवा मुंबईतील धारावी येथे चामड्याच्या वस्तू बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात गेलात, तर एका ओळीत मांडलेली जड शिलाई यंत्रे दिसतील. त्यांवर बसणाऱ्या बऱ्याच कारागिरांची मजुरी नगावर ठरते. यंत्र अर्धा दिवस बंद राहिले की अर्ध्या दिवसाची मजुरी जाते. म्हणून "मोटर पिकअप घेत नाही" ही तक्रार आली की घाईने मोटर सोडवून रिवाइंडिंगला पाठवली जाते. पैसे जातात, दोन दिवस जातात, आणि पुष्कळदा दोष मोटरच्या वाइंडिंगमध्ये नसतोच.

या पाठात आपण दोष क्रमाने कसा शोधायचा ते पाहू. पाठ संपल्यावर तुम्हाला मोटर सावकाश सुरू होण्याची कारणे सांगता आली पाहिजेत, साध्या चाचण्यांनी त्यांतले एकेक कारण वगळता आले पाहिजे आणि प्रत्येक चाचणीमागचे तत्त्व स्पष्ट करता आले पाहिजे.

यंत्रातील शक्तीची साखळी

चामडे जाड व चिवट असते. ते पुढे सरकवण्यासाठी सुई, आतला पाय आणि खालचे दाते एकत्र हलतात, अशी वॉकिंग फूट यंत्रे या कामासाठी वापरली जातात. त्यांचे सुटे भाग जड असतात, त्यामुळे स्थिर अवस्थेतून त्यांना गती देण्यासाठी अधिक टॉर्क (आघूर्ण) लागतो.

शक्तीचा मार्ग असा असतो : वीजपुरवठा, स्विच व वायर, मोटर, क्लच, पट्टा व पुली, आणि शेवटी यंत्राचे डोके. या सहा कड्यांपैकी कोणतीही एक बिघडली तरी कारागिराला एकच गोष्ट जाणवते, ती म्हणजे यंत्र उशिरा सुरू होते. आपले काम कडी ओळखण्याचे आहे.

जुन्या व स्वस्त यंत्रांवर क्लच मोटर असते. स्विच दाबला की ती सतत फिरत राहते आणि पेडल दाबल्यावरच क्लच तिची गती यंत्राला देतो. नव्या यंत्रांवर सर्व्हो मोटर असते. ती पेडल दाबल्यावर फिरते आणि सोडल्यावर थांबते. हा फरक लक्षात ठेवा, कारण दोषशोधनाचा पहिला प्रश्न त्यावरच आधारलेला आहे.

एकफेज मोटर सुरू कशी होते?

२३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या एकफेज पुरवठ्यावरील इंडक्शन मोटरमध्ये केवळ मुख्य वाइंडिंगला वीज दिली, तर निर्माण होणारे चुंबकीय क्षेत्र फिरत नाही. ते एकाच अक्षावर कमीजास्त होते. अशा क्षेत्राची विभागणी विरुद्ध दिशांनी फिरणाऱ्या दोन समान क्षेत्रांत करता येते. रोटर स्थिर असताना दोन्हींचे टॉर्क समान व विरुद्ध असतात, म्हणून निव्वळ टॉर्क शून्य येतो. मोटर नुसती घों घों करते.

ही कोंडी फोडण्यासाठी स्टेटरमध्ये दुसरे, म्हणजे स्टार्टिंग वाइंडिंग बसवतात आणि त्याच्या मालिकेत कपॅसिटर जोडतात. कपॅसिटरमुळे या वाइंडिंगमधील विद्युतधारा मुख्य धारेच्या पुढे जाते. दोन धारांमध्ये कलाफरक पडला की फिरते क्षेत्र तयार होते आणि रोटर हलतो. काही मोटरांमध्ये कपॅसिटर कायम जोडलेला असतो. काहींमध्ये गती पूर्ण गतीच्या साधारण ७० ते ८० टक्के झाल्यावर सेंट्रिफ्यूगल स्विच स्टार्टिंग वाइंडिंग तोडतो.

यावरून एक धोक्याची सवय समजून घ्या. काही कारखान्यांत मोटर अडली की पुली हाताने फिरवून देतात आणि मोटर चालू होते. याचे कारण असे, की एकदा रोटर कोणत्याही दिशेने फिरू लागला की त्या दिशेचा टॉर्क वरचढ ठरतो. पण यात बोटे पट्ट्यात सापडू शकतात, मोटर उलट्या दिशेने फिरू शकते, आणि मूळ दोष तसाच राहतो. मोटर हाताने फिरवल्यावरच चालते, ही माहिती निदानासाठी मोलाची आहे. तो इलाज मात्र नव्हे.

सुरुवात लांबली की मोटर का जळते?

सुरू होताना मोटर पूर्णभार धारेच्या कित्येक पट धारा घेते. वाइंडिंगमधील उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. धारा पाचपट झाली तर उष्णता पंचवीसपट होते. ही अवस्था एकदोन सेकंद टिकली तर बिघडत नाही. रोज वीसपंचवीस वेळा ती आठदहा सेकंद टिकली, तर वाइंडिंगवरील इन्सुलेशन करपत जाते. म्हणून "चालतेय ना, मग चालू द्या" हे धोरण शेवटी महागात पडते.

काम सुरू करण्यापूर्वी

स्विच बंद करून प्लग काढा. नुसता स्विच बंद करणे पुरेसे नाही. क्लच मोटरचे जड चक्र वीज गेल्यावरही काही वेळ फिरते, ते पूर्ण थांबू द्या. कपॅसिटरमध्ये भार साठलेला असतो. त्याची टोके स्क्रूड्रायव्हरने जोडू नका. सुमारे १० किलोओहमचा, ५ वॅटचा रोधक इन्सुलेटेड पकडीने काही सेकंद लावून भार उतरवा आणि मीटरने खात्री करा. वीज सुरू ठेवून घ्यायची मोजमापे जाणकार व्यक्तीच्या देखरेखीखालीच घ्या.

पहिली चाचणी : साखळी मधोमध तोडा

क्लच मोटर असेल तर आधी विचारा : उशीर स्विच दाबल्यावर होतो, की पेडल दाबल्यावर? पेडल न दाबता मोटरच गती घेत नसेल, तर दोष पुरवठ्यात किंवा मोटरमध्ये असण्याची शक्यता अधिक. मोटर नेहमीच्या आवाजात फिरते पण पेडल दाबल्यावर सुई रेंगाळते, तर दोष क्लच, पट्टा किंवा यंत्रात शोधा.

त्यानंतर पट्टा काढा. पट्ट्याशिवाय मोटर झटकन सुरू झाली तर दोष पट्ट्याच्या पलीकडे आहे. तरीही रेंगाळली तर अलीकडे आहे. पाच मिनिटांच्या या चाचणीने शोधाचे क्षेत्र निम्मे होते. शेजारच्या तशाच चांगल्या मोटरला पूर्ण गती घ्यायला किती सेकंद लागतात तेही मोजा. तुलनेला काही असल्याशिवाय 'सावकाश' या शब्दाला अर्थ नाही.

पुरवठा तपासणे

इंडक्शन मोटरचा स्टार्टिंग टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. २३० ऐवजी १९० व्होल्ट मिळाले तर व्होल्टेज सुमारे १७ टक्क्यांनी घटते, पण टॉर्क (१९० ÷ २३०)² = ०.६८ पट, म्हणजे जवळपास ३२ टक्क्यांनी कमी होतो.

व्होल्टेज मोटर बंद असताना मोजून उपयोग नाही. मोटर सुरू होत असताना, तिच्या टर्मिनलवर मोजा. एक उदाहरण घेऊ. २० मीटर लांब, ०.७५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरने जोडणी केली आहे. जाणारी व येणारी मिळून लांबी ४० मीटर. तांब्याची रोधकता ०.०१७५ ओहम चौरस मिलिमीटर प्रति मीटर धरल्यास रोध ०.९३ ओहम येतो. सुरुवातीची धारा १२ अँपिअर असेल तर सुमारे ११ व्होल्ट वायरमध्येच पडतात. त्याच वायरवर आणखी दोन यंत्रे असतील तर घट आणखी वाढते. सैल प्लग, काळवंडलेले सॉकेट आणि पिळून जोडलेल्या वायरी यांचाही परिणाम हाच होतो. सुरू करताना जोड गरम लागत असेल तर दोष तिथे आहे.

मोटर त्रिफेज असेल तर तिला कपॅसिटर लागत नाही. तिन्ही फेजांमधील व्होल्टेज मोजा. एक फेज गेलेली असेल तर मोटर घों घों करते पण उचलत नाही. चालू असताना फेज गेली तर कमी भारावर फिरत राहते आणि तापून जळते.

कपॅसिटर, स्विच आणि वाइंडिंग

कायम जोडलेल्या कपॅसिटरची क्षमता वर्षांच्या उष्णतेने हळूहळू घटते. म्हणून ही मोटर एका दिवसात बंद पडत नाही, महिन्यागणिक आळसावते. भार उतरवून, एक टोक सोडवून क्षमता मोजा. ती छापील आकड्यापेक्षा १० टक्क्यांहून अधिक कमी असेल, किंवा डबी फुगलेली असेल, तर कपॅसिटर बदला.

नवा कपॅसिटर तितक्याच मायक्रोफॅरडचा, आणि तितक्याच किंवा अधिक व्होल्टेज मर्यादेचा हवा. 'जास्त क्षमतेचा टाकला की जास्त जोर' ही समजूत चुकीची आहे. कायम जोडलेल्या मोटरमध्ये क्षमता वाढवली तर स्टार्टिंग वाइंडिंगची धारा वाढते आणि ते तापते. तसेच थोड्या वेळासाठी बनवलेला स्टार्टिंग कपॅसिटर कायमच्या जागी बसवू नका, तो फुटू शकतो.

सेंट्रिफ्यूगल स्विच असलेल्या मोटरमध्ये थांबलेल्या अवस्थेत स्विचचे संपर्क जुळलेले हवेत. चामड्याची बारीक धूळ आणि तेल यांचा थर बसला की संपर्क जुळत नाहीत आणि मोटर नुसती आवाज करते. संपर्क वितळून चिकटले तर उलट घडते : स्टार्टिंग वाइंडिंग तुटतच नाही, मोटर जड आवाजात फिरते आणि लवकर तापते.

हे दोन्ही ठीक असतील तरच वाइंडिंगकडे वळा. दोन्ही वाइंडिंगचे रोध मोजा. एखादे अखंड नसेल तर मीटर अनंत रोध दाखवेल. वाइंडिंग व बाह्य कवच यांतील इन्सुलेशन ५०० व्होल्टच्या मेगरने तपासा, ते किमान १ मेगाओहम हवे. वीज काढून शाफ्ट हाताने फिरवा. खरखर किंवा अडकणे जाणवले तर बेअरिंग पाहा.

पट्ट्याच्या पलीकडे

क्लचच्या अस्तरावर तेल पडले की ते घसरते. मोटर पूर्ण गतीने फिरते, करपट वास येतो आणि सुई मात्र रेंगाळते. पेडलचा दांडा फार ताणलेला असेल तर क्लच अर्धवट लागलेलाच राहतो आणि मोटरला सुरुवातीपासून यंत्राचे ओझे ओढावे लागते. पट्टा अति ताणला तर बेअरिंगवर दाब येतो, सैल सोडला तर घसरतो. बोटाने दाबल्यावर तो किंचित, साधारण एक ते दीड सेंटिमीटर दबला पाहिजे.

यंत्राचे हातचाक पट्टा काढून हाताने फिरवा. जड जात असेल तर हुकमध्ये अडकलेला दोरा काढा, सुकून चिकट झालेले जुने तेल पुसा आणि योग्य जागी नवे शिलाई तेल द्या. थंडीच्या सकाळी जड आणि दुपारी हलके चालणारे यंत्र बहुधा तेलाचीच तक्रार करत असते.

सर्व्हो मोटर असल्यास

इथे आधी सेटिंग पाहा. अनेक नियंत्रकांत हळू सुरुवातीची सोय असते. ती चालू असेल तर पहिले काही टाके मुद्दाम सावकाश पडतात आणि तो दोष नसतो. कमाल गतीची मर्यादा खाली आणलेली आहे का, पेडलचा दांडा संवेदकाला पूर्ण हलवतो का, हेही तपासा. जाड चामड्यावर अगदी कमी गतीला मोटर अडत असेल, तर मोटरची पुली लहान करणे किंवा गती कमी करणारी मधली पुली बसवणे हा उपाय आहे. गती एकतृतीयांश केली की घर्षणातील घट वगळता टॉर्क तिप्पट मिळतो.

सोडवलेले उदाहरण

समजा, एका बॅग कारखान्यातील क्लच मोटर पूर्ण गती घ्यायला ६ सेकंद घेते, तर शेजारची तशीच मोटर २ सेकंद. मालक रिवाइंडिंगला द्यायच्या तयारीत आहे. तुमच्या नोंदी अशा : पट्टा काढूनही ६ सेकंद, सुरू होताना टर्मिनलवर २१६ व्होल्ट, शाफ्ट हाताने मोकळा फिरतो, कपॅसिटरवर छापील १० मायक्रोफॅरड, मोजलेले ५.८.

पट्ट्याच्या नोंदीने यंत्राचे डोके सुटले. शाफ्टच्या नोंदीने बेअरिंग सुटले. २१६ व्होल्टमुळे टॉर्क साधारण १२ टक्क्यांनी घटतो, पण तिप्पट वेळेचे कारण तेवढेच असू शकत नाही. कपॅसिटर ४२ टक्के कमी आहे, म्हणून आधी तो बदला आणि वेळ पुन्हा मोजा. २ सेकंद आले तर निदान सिद्ध झाले. वाइंडिंगला हात लावण्याची गरज पडली नाही.

सारांश

आधी लक्षण नेमके विचारा, मग पट्टा काढून साखळी विभागा. स्वस्त व सोप्या चाचण्या आधी, महाग दुरुस्ती शेवटी. एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर वेळ मोजून वहीत लिहा. ही वही पुढच्या वेळी तुमचा निम्मा वेळ वाचवेल.

स्वाध्याय

१. व्होल्टेज २३० वरून २०० झाल्यास स्टार्टिंग टॉर्क किती टक्के उरेल?
२. मोटर १४४० फेरे प्रति मिनिट फिरते. तिची पुली ५० मिलिमीटर व यंत्राची १०० मिलिमीटर व्यासाची आहे. दर फेऱ्याला एक टाका धरून मिनिटाला किती टाके पडतील?
३. मोटर हाताने फिरवल्यावर चालते, पण आपोआप सुरू होत नाही. कोणते तीन भाग तपासाल? कारण द्या.
४. जवळच्या कारखान्यातील एका यंत्राचा सुरुवातीचा वेळ आठवडाभर सकाळी व दुपारी मोजा आणि फरकाचे कारण लिहा.