चित्र स्पष्ट करणारें औषध

नीरेच्या कांठीं उसाला पाणी देणारा शेतकरी पाटाचें पाणी कोठें झिरपतें हें कसें ओळखतो? नुसतें पाहून कांहींच समजत नाहीं. परंतु वरच्या अंगास थोडा गेरू कालविला, म्हणजे तांबडें पाणी जेथें बाहेर येईल तेथें भोक आहे, हें लहान मुलालाहि कळतें. शरीरांतील रोग शोधतांना डॉक्टर कांहींशी हीच युक्ति योजितात. तपासणीच्या वेळीं जें औषध पाजलें अथवा शिरेंतून दिलें जातें, त्यास ते 'कॉन्ट्रास्ट' म्हणतात. आपल्याकडील मंडळी त्यालाच 'डाय' म्हणतात. शिरेंतून द्यावयाचें हें औषध बहुधा पाण्यासारखें स्वच्छ असतें. त्याचा रंग डोळ्यांस दिसत नाहीं, यंत्रास दिसतो.

ह्या औषधाविषयीं आमच्या अकलूजच्या परिसरांत दोन प्रकारची वृत्ति आढळते. कित्येक त्यास भिऊन तपासणीच टाळतात. कित्येक डॉक्टरांच्या प्रश्नांचीं उत्तरेंहि धड देत नाहींत. दोहोंपासून नुकसान रोग्याचेंच होतें. म्हणून ही माहिती येथें देत आहों.

सन १८९५ मध्यें राँटजेन ह्या जर्मन शास्त्रज्ञानें क्ष-किरणांचा शोध लाविला. हाडांत कॅल्शियम असल्यामुळें तीं ह्या किरणांस अडवितात व चित्रांत उठून दिसतात. आंतडीं, मूत्रपिंडें व रक्तवाहिन्या मात्र आसपासच्या मांसासारख्याच दिसतात. त्यांत किरण अडविणारा जड पदार्थ भरला, तर त्यांचा आकार स्पष्ट होतो. जठर व आंतडीं पाहण्यासाठीं बेरियम सल्फेट पाजतात. बेरियमचे कांहीं क्षार विषारी आहेत; बेरियम कार्बोनेटनें तर उंदीर मारीत. परंतु बेरियम सल्फेट पाण्यांत विरघळत नाहीं, त्यामुळें तें रक्तांत न भिनतां मळावाटे निघून जातें. रक्तवाहिन्यांसाठीं व सी. टी. स्कॅनसाठीं आयोडीनयुक्त औषध देतात. सन १९२३ मध्यें अमेरिकेंत आयोडीनचें औषध घेणाऱ्या रोग्यांचें मूत्राशय क्ष-किरणांत दिसूं लागलें, तेव्हां हा मार्ग सांपडला. एम. आर. आय. तपासणींत क्ष-किरण नसतात. तेथें गॅडोलिनियम ह्या धातूचें संयुग वापरतात. त्याचा उपयोग १९८८ पासून रूढ झाला.

आतां दुष्परिणामांकडे वळूं. आयोडीनचें औषध शिरेंत जातांच अंगांत ऊब पसरते, तोंडास धातूची चव येते, लघवी झाल्यासारखें वाटतें. हें क्षणभर टिकतें. त्यांत भिण्याचें कारण नाहीं. कोणास मळमळतें, खाज सुटते, अंगावर गांधी उठतात. क्वचित् घसा सुजतो, श्वास कोंडतो, रक्तदाब एकाएकीं उतरतो; ह्यावर तत्काळ उपचार न झाल्यास जीवास धोका असतो. अशा तीव्र प्रतिक्रिया बहुधा पहिल्या अर्ध्या तासांत होतात. म्हणूनच औषध दिल्यावर रोग्यास कांहीं वेळ बसवून ठेवतात. घरीं जाण्याची घाई करूं नये. पुरळ मात्र कांहीं दिवसांनींहि उठूं शकतो.

प्रमाण किती? जपानांत तीन लाखांहून अधिक तपासण्यांची पाहणी होऊन तिचे निष्कर्ष १९९० मध्यें प्रसिद्ध झाले. जुन्या प्रकारच्या आयोडीन औषधानें दर दहा हजारांत सुमारें २२ रोग्यांस तीव्र त्रास झाला. नव्या प्रकारच्या औषधानें सुमारें ४ जणांस. आज शिरेंतून देण्यासाठीं बहुतेक ठिकाणीं नवाच प्रकार वापरतात.

तरी इतिहासाचा एक धडा विसरूं नये. सन १९३० च्या सुमारास थोरियमपासून केलेलें थोरोट्रास्ट नांवाचें औषध फार वाखाणलें गेलें. चित्रें उत्तम येत व त्या वेळीं रोग्यास त्रासहि होत नसे. परंतु किरणोत्सर्गी थोरियम यकृतांत जन्मभर सांठून राही, आणि कित्येक वर्षांनीं अनेकांस कर्करोग झाला. गॅडोलिनियमच्या बाबतींतहि, ज्यांचीं मूत्रपिंडें फार बिघडलीं आहेत अशा कांहीं रोग्यांची कातडी कठीण होते, हें २००६ मध्यें उघडकीस आलें. तेव्हांपासून आधीं मूत्रपिंडांची तपासणी करून अधिक स्थिर संयुगें वापरूं लागले, आणि हा विकार अतिशय दुर्मिळ झाला.

आमच्या एका विद्यार्थ्याच्या आजोबांस सी. टी. स्कॅनसाठीं सोलापुरास नेलें होतें. मागें एका तपासणीच्या वेळीं त्यांच्या सर्वांगावर गांधी उठून धाप लागली होती. परंतु हें सांगितलें तर तपासणी रद्द होईल व जाण्यायेण्याचा खर्च फुकट जाईल, ह्या भीतीनें ते गप्प बसले. नातवानें मात्र संमतिपत्र वाचतांना तो प्रश्न पाहिला व म्हणाला, "आजोबा, हें सांगायला हवें." डॉक्टरांनीं तपासणी रद्द केली नाहीं, आधीं औषधें देऊन, कॉन्ट्रास्टचा प्रकार बदलून व जवळ थांबून ती दुसऱ्या दिवशीं पार पाडली. एक दिवस अधिक लागला, पण आजोबा सुखरूप घरीं आले.

तेव्हां तपासणीपूर्वीं पुढील गोष्टी न विचारतांहि सांगाव्या: मागें अशा औषधानें झालेला त्रास, दमा, मूत्रपिंडाचा विकार, थायरॉईडचा आजार, मधुमेह, गरोदरपण, आणि चालू असलेलीं सर्व औषधें. रक्तांतील क्रिएटिनिनचा अहवाल बरोबर न्यावा. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी कोणी कोणी स्वतःच बंद करितात. मूत्रपिंडें ठीक असल्यास बहुधा तशी गरज नसते, म्हणून डॉक्टरांस विचारूनच काय तें करावें. मासे किंवा कोळंबी न सोसणाऱ्यास आयोडीन चालत नाहीं, हा समज चुकीचा आहे. अंगावर पाजणाऱ्या मातेनेंहि बाळाचें दूध तोडण्याचें सहसा कारण नाहीं. दुधांत उतरणारा औषधाचा अंश अत्यल्प असतो. सुई टोचलेल्या जागीं आग होऊं लागली अथवा सूज आली, तर ताबडतोब सांगावें. तपासणीनंतर भरपूर पाणी प्यावें. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या रोग्यानें मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच. घरीं आल्यावर श्वास लागला किंवा ओठ सुजले, तर वाट न पाहतां १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

विद्यार्थ्यांनो, तुमच्या घरांतील वडील माणसांस संमतिपत्रावरील बारीक अक्षर कदाचित् वाचतां येत नसेल. तुम्हांस तें येतें. आंगठा उमटण्यापूर्वीं तें पत्र त्यांस सावकाश वाचून दाखवा, आणि विचारलेल्या प्रश्नाचें खरें उत्तर देण्यास त्यांस धीर द्या. शाळेंत शिकलेल्या अक्षरांचा ह्याहून चांगला उपयोग आम्हांस तरी ठाऊक नाहीं.