ब्लॉक केलात, पण तक्रार केलीत का?

अनोळखी नंबर उचलायचाच नाही, हा स्पॅम कॉलवरचा सर्वात सोपा सल्ला आहे. ठाणे, डोंबिवली, कल्याणमध्ये तो पाळणे अवघड जाते. घरातली कमावती माणसे सकाळीच लोकलने मुंबईला गेलेली असतात. त्यांना पाळणाघरातून, रुग्णालयातून, सोसायटीच्या वॉचमनकडून किंवा पार्सल घेऊन आलेल्या मुलाकडून येणारा फोन बहुधा अनोळखी नंबरावरूनच येतो. त्याच वाटेने कर्ज, क्रेडिट कार्ड आणि प्लॉट विकणारेही आत शिरतात. मग आपण तो नंबर ब्लॉक करतो आणि विषय संपवतो. पण ब्लॉक केल्याने फोन करणाऱ्याचे काहीच बिघडत नाही. स्पॅम खरोखर कमी करायचा तर तक्रारच नोंदवायला हवी, आणि त्याचे कारण हे कॉल ज्या तंत्राने केले जातात त्यातच आहे.

अशा अनेक कॉल सेंटरांत माणूस नंबर फिरवत नाही. ऑटो डायलर हे सॉफ्टवेअर एकाच वेळी अनेक नंबर लावते आणि जो उचलेल त्याला मोकळ्या कर्मचाऱ्याशी जोडून देते. फोन उचलल्यावर क्षणभर पलीकडे शांतता असते, ती बऱ्याचदा या जोडणीचीच. अमर्याद कॉलच्या प्लॅनमुळे प्रत्येक जादा कॉलचा खर्च जवळजवळ शून्य असतो. हजारांत एखादे गिऱ्हाईक लागले तरी धंदा चालतो, त्यामुळे बाकीच्यांनी फोन कापला काय किंवा ब्लॉक केला काय, यादी पुढे सरकते. हा हिशेब मोडायचा तर घाव कॉल जिथून सुटतो तिथे घालावा लागतो. ठाणे जिल्ह्यातच त्याचा पुरावा आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले, सातशेहून अधिक जणांना ताब्यात घेतले आणि ७० जणांना अटक केली. अमेरिकेच्या कर खात्याचे अधिकारी असल्याचे भासवून तिथल्या नागरिकांना धमकावल्याचा आरोप त्यांच्यावर होता. छाप्यांनंतर अमेरिकेत या प्रकारच्या तक्रारी झपाट्याने घटल्या. लाखो अमेरिकनांनी आपापल्या फोनवर नंबर ब्लॉक करून हा परिणाम साधला नसता.

हे काम यंत्राने का करू नये, असा प्रश्न रास्त आहे. मोबाइल कंपन्यांच्या कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या यंत्रणा कॉलचा आकृतिबंध पाहतात: एका नंबरावरून किती जणांना फोन गेले, ते किती सेकंद चालले, उलट फोन किती आले. अडचण अशी की डोंबिवलीत दिवसभर पार्सले वाटणाऱ्या मुलाचा आकृतिबंधही बराचसा असाच असतो. तोही अनोळखी लोकांना, थोड्या वेळासाठी, एकापाठोपाठ एक फोन करतो. चाळणी फार बारीक केली तर त्याचा रोजगार अडतो आणि सैल ठेवली तर स्पॅम सुटतो. दोघांतला फरक फोन घेणाऱ्यालाच ठाऊक असतो, कारण काय बोलले गेले ते त्याने ऐकलेले असते. ही माहिती यंत्रणेपर्यंत तक्रारीतूनच पोहोचते.

‘ट्राय’ या दूरसंचार नियामकाने फेब्रुवारी २०२५ मध्ये नियम बदलून तक्रारीचे हे वजन वाढवले. तक्रारीची मुदत तीन दिवसांवरून सात दिवस झाली. पूर्वी टेलिमार्केटर म्हणून नोंदणी नसलेल्या नंबरावर कारवाईसाठी सात दिवसांत दहा तक्रारी लागत, आता दहा दिवसांत पाच पुरतात. अशा नंबराविरुद्ध तक्रार करायला आधी ‘डीएनडी’ म्हणजे ‘डू नॉट डिस्टर्ब’ नोंदणी केलेली असण्याचीही अट उरली नाही. ही सुधारणा मोलाची आहे, कारण ‘डीएनडी’चा धाक नोंदणीकृत टेलिमार्केटरलाच असतो आणि आपल्याला छळणारे बरेच कॉल साध्या दहा आकडी नंबरांवरून येतात.

नंबर बंद झाला तर ते नवे सिम घेतील, हा आक्षेप खरा आहे. मात्र नियमांनुसार वारंवार उल्लंघन करणाऱ्याची सर्व कनेक्शने तोडता येतात आणि त्याला काळ्या यादीत टाकता येते. प्रत्येक नव्या सिमला ओळखपत्र, वेळ आणि पैसा लागतो. फुकट असलेल्या कॉलला किंमत पडू लागली की हजारांत एका गिऱ्हाइकाचा हिशेब जुळेनासा होतो. दुसरा आक्षेप कॉल सेंटरमधल्या तरुणांच्या नोकऱ्यांचा. त्यांच्या मालकांसाठी कायदेशीर वाट खुली आहे: नोंदणी करायची आणि जाहिरातीचे कॉल १४० ने सुरू होणाऱ्या नंबरावरून करायचे. तसे झाल्यास कॉल जाहिरातीचा आहे हे फोन उचलण्याआधीच आपल्याला कळते. बँकांच्या सेवाविषयक कॉलसाठी १६०० ही मालिका आहे. तक्रारीचा रोख ही ओळख लपवणाऱ्यांवर आहे.

म्हणून नंबर ब्लॉक करण्याआधी १९०९ वर किंवा ‘ट्राय’च्या डीएनडी अ‍ॅपवर तक्रार नोंदवावी. फसवणुकीचा संशय असेल तर संचार साथी पोर्टलवरील ‘चक्षू’वर कळवावे आणि पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा. ज्येष्ठांना हे जमत नसेल तर सोसायटीच्या कमिटीने ते शिकवण्याची जबाबदारी घ्यावी. प्लॉट विकणाऱ्याच्या यादीत एकाच इमारतीतले अनेक नंबर असू शकतात. त्यातल्या पाच जणांनी त्याच आठवड्यात तक्रार केली, तर नियमातली अट पूर्ण होते आणि कंपनीला कारवाई टाळता येत नाही.