न उघडलेला आवाज : सराउंड पासथ्रूबद्दलचे गैरसमज

दिवाणखान्यात रिसीव्हर आला. पुढे तीन आणि मागे दोन स्पीकर लागले, सबवूफर कोपऱ्यात बसला, टीव्हीखाली मीडिया प्लेयर आला. सगळं जोडून चित्रपट सुरू केला, तर आवाज पुढच्या दोनच स्पीकरमधून. मग तारा काढून पुन्हा लावल्या जातात, दुकानदाराला फोन होतो, एखादा स्पीकर बदलूनही पाहिला जातो. दोष मात्र बहुतेक वेळा स्पीकरमध्ये नसतो आणि तारेतही नसतो. प्लेयर, टीव्ही आणि रिसीव्हर या तिघांपैकी आवाज उलगडायचा कोणी, हेच नीट ठरलेलं नसतं.

‘पासथ्रू चालू केला की आवाज सुधारतो’ ही यातली सर्वांत पसरलेली समजूत. वस्तुस्थिती अशी की पासथ्रूमध्ये प्लेयर आवाजावर काहीच काम करत नाही. फाइलमधला डॉल्बी किंवा डीटीएसचा दाबून बसवलेला प्रवाह तो जसाच्या तसा पुढे देतो. कुरिअरवाला बंद पाकीट न फोडता पोचवतो तसा. पाकीट फोडायचं काम रिसीव्हरचं. पासथ्रू बंद असेल तर हेच काम प्लेयर करतो आणि उलगडलेला आवाज पीसीएम रूपात पाठवतो. डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे दोन्ही प्रकार मूळ आवाजातलं काहीही न गाळता साठवतात. त्यामुळे ५.१ किंवा ७.१चा ट्रॅक प्लेयरने उलगडून एचडीएमआयने पाठवला, तरी रिसीव्हरपर्यंत पोचणारा आवाज तितकाच अस्सल असतो. रिसीव्हरच्या काचेवर ‘डॉल्बी’ऐवजी ‘मल्टी चॅनेल’ दिसलं म्हणून खट्टू व्हायचं कारण नाही.

फरक पडतो तो ॲटमॉस आणि डीटीएस:एक्स यांना. कोणता आवाज खोलीत नेमका कुठून यावा, याची माहिती या प्रकारांत आवाजासोबत वेगळी जोडलेली असते. प्लेयरने साधं पीसीएम केलं की ती माहिती गळून पडते आणि छताकडचे स्पीकर मुके होतात. पासथ्रूची खरी गरज इथे आहे. आणि दुसरी गरज तिथे, जिथे मधली तार अनेक चॅनेलचं पीसीएम वाहूच शकत नाही.

आता आवाज कमी-जास्त करण्याची तक्रार. पासथ्रू सुरू केल्यावर प्लेयरच्या रिमोटने आवाज हलत नाही, मेनूतली टिकटिक ऐकू येत नाही, म्हणून अनेक जण सेटिंग बिघडलं असं समजून तो बंद करतात. कारण मात्र साधं आहे. दाबलेला ५.१ आवाज ज्या तारेतून जातो, ती मुळात दोन चॅनेलच्या पीसीएमसाठी आखलेली होती: सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा, चॅनेल दोन. म्हणजे सेकंदाला १५,३६,००० बिट. आयईसी ६१९३७ या मानकाने याच जागेत डॉल्बी किंवा डीटीएसचे तुकडे ठरावीक खुणांसह बसवायची पद्धत घालून दिली. तारेवर दिसतो तो स्टीरिओचा साचा, आत असतो सांकेतिक मजकूर. आवाज कमी करणं म्हणजे प्रत्येक नमुन्याला एखाद्या आकड्याने गुणणं. तसं केलं की मजकुराचा चुराडा होतो. म्हणून प्लेयर त्याला हातच लावत नाही. आवाज हलत नसेल तर तो बिघाड नाही, पासथ्रू खरोखर चालू असल्याची ती खूण आहे.

हे एकदा लक्षात आलं की तक्रारींचं रोगनिदानही जमू लागतं. सगळ्या तक्रारी एकाच कारणाच्या असतात, असं मानणं हाच मोठा गैरसमज. स्पीकरमधून पावसासारखी जोरदार खरखर येत असेल, तर सांकेतिक मजकूर कोणीतरी पीसीएम समजून थेट वाजवतंय. अशा वेळी आवाज ताबडतोब बंद करावा, कारण ही खरखर पूर्ण ताकदीने येते आणि स्पीकरला इजा करू शकते. पूर्ण शांतता असेल, तर रिसीव्हरला न कळणारा प्रकार त्याच्याकडे पाठवला जातोय किंवा मधल्या तारेला तो पेलत नाही. आवाज स्वच्छ पण दोनच स्पीकरमधून येत असेल, तर वाटेत कोणीतरी पाकीट फोडून पाचाचे दोन केले आहेत. आणि चित्रपटाच्या सुरुवातीचा पहिला शब्द गिळला जात असेल, तर बहुधा रिसीव्हर नवा प्रकार ओळखायला वेळ घेतोय. त्यासाठी कोडीसारख्या प्लेयर ॲपमध्ये ऑडिओ उपकरण सतत जागं ठेवण्याचा पर्याय असतो, पडद्याचा रिफ्रेश रेट बदलताना क्षणभर थांबण्याचाही असतो.

‘ऑप्टिकल केबल डिजिटल आहे, म्हणजे तिच्यातून सगळं जाणार’ हेही असंच एक गृहीतक. तोशिबाने १९८३ साली आणलेली ही जोडणी गुणी आहे, पण तिची मर्यादा ठरलेली आहे. तिच्यातून दोन चॅनेलचं पीसीएम जातं, किंवा जुनं डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस ५.१ जातं. ओटीटीवर सर्रास वापरलं जाणारं डॉल्बी डिजिटल प्लस जात नाही. त्याच्या पाकिटाला चौपट वेगाची जागा लागते. ट्रूएचडीचा तर प्रश्नच येत नाही. ऑप्टिकलवर असलेल्या घरात ओटीटीचा चित्रपट ५.१ मध्ये ऐकू येतो तेव्हा टीव्हीने किंवा प्लेयरने तो आधी साध्या डॉल्बी डिजिटलमध्ये बदललेला असतो.

एआरसी, म्हणजे टीव्हीकडून आवाज एचडीएमआय तारेनेच रिसीव्हरकडे परत नेणारी सोय. तिच्याबद्दल गोंधळ उलट्या दिशेने आहे. ‘ॲटमॉस हवं तर ई-एआरसी हवंच’ असं दुकानात हमखास ऐकायला मिळतं. एआरसी एचडीएमआय १.४ सोबत २००९ मध्ये आलं, ई-एआरसी एचडीएमआय २.१ सोबत २०१७ मध्ये. जुन्या एआरसीची झेप मर्यादित आहे, ई-एआरसीची सेकंदाला सुमारे ३७ मेगाबिट. आता नेटफ्लिक्सचा ॲटमॉस ट्रॅक पाहा: डॉल्बी डिजिटल प्लसच्या आत बसवलेला, सेकंदाला जास्तीत जास्त ७६८ किलोबिट. तो जुन्या एआरसीतूनही आरामात जातो, टीव्हीने फक्त तो पुढे द्यायला हवा. ब्लू-रेवरचा ॲटमॉस मात्र ट्रूएचडीच्या आत असतो, त्याचा वेग सेकंदाला १८ मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो आणि त्याला ई-एआरसीच लागतं. नाव एक, पण वाहनं दोन. ग्राहकाचे पैसे वाया जातात ते हा फरक कोणी सांगत नाही म्हणून. टीव्हीवर एआरसीचं पोर्ट सहसा एकच असतं आणि त्याच्याजवळ तसं छापलेलं असतं. शेजारच्या पोर्टमध्ये तार खोचून तासन्‌तास सेटिंग शोधणारी घरं कमी नाहीत.

टीव्हीला मध्ये घातल्याचा आणखी एक तोटा सहज ध्यानात येत नाही. सॅमसंगने २०१८ पासूनच्या टीव्हींमधून डीटीएसला असलेला आधार काढून टाकला. एलजीने तो २०२० मध्ये काढला आणि २०२३ च्या काही मॉडेलांत परत आणला. या टीव्हींना पेनड्राइव्ह लावून डीटीएसची फाइल वाजवली, की चित्र दिसतं आणि आवाज येत नाही. लोक फाइल खराब आहे असं समजून पुसून टाकतात, आणि तीच फाइल रिसीव्हरला थेट जोडलेल्या प्लेयरवर उत्तम चालते. म्हणून जमेल तिथे प्लेयर आधी रिसीव्हरला जोडावा आणि चित्र तिथून टीव्हीला द्यावं. मग टीव्हीला काय कळतं आणि काय नाही, याने आवाजाचं काही अडत नाही.

कोडी वापरणाऱ्यांच्या घरी सर्वांत फसवा पर्याय ठरतो तो चॅनेलच्या संख्येचा. घरात ५.१ आहे म्हणून तिथे ५.१ निवडायचं, हे स्वाभाविक वाटतं. पण हा आकडा फक्त पीसीएमला लागू होतो, पासथ्रूला नाही. ऑप्टिकलवर किंवा साध्या एआरसीवर असलेल्या घरात तो २.० ठेवणंच बरोबर, कारण ती तार पीसीएमचे दोनच चॅनेल नेते. तिथे ५.१ निवडलं तर एएसी किंवा फ्लॅक यांसारख्या इतर प्रकारांतला, पीसीएम होऊन जाणारा आवाज वाटेत अडतो, कधी मधला चॅनेल, म्हणजे संवादच, गायब होतो. शिवाय एएसीसारख्या ट्रॅकचं डॉल्बी डिजिटलमध्ये रूपांतर करून ५.१ टिकवण्याची कोडीतली सोयही २.० ठेवल्यावरच कामाला येते. दोन लिहिलं की सहा चॅनेल मिळतात, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. करून पाहिलं की पटतं. त्याच पानावर आउटपुटची रचना ‘फिक्स्ड’ ठेवली, किंवा व्हिडिओच्या सेटिंगमध्ये पडद्याच्या वेगाशी आवाज जुळवून घेण्याचा पर्याय चालू केला, तर पासथ्रू निमूटपणे बंद पडतो. विंडोजवर आउटपुट म्हणून डायरेक्टसाउंड नव्हे, वासापी निवडावं लागतं.

घरातल्या फाइली टीव्हीकडे पाठवणारा प्लेक्स किंवा जेलीफिनचा सर्व्हर असेल तर संशयितांत एकाची भर पडते. टीव्हीवरचं ॲप सर्व्हरला सांगतं की मला काय वाजवता येतं. त्यात ट्रूएचडी नसेल तर सर्व्हर वाटेतच आवाज बदलून पाठवतो, कधी एएसी स्टीरिओ करून. रिसीव्हर कितीही भारी असला तरी त्याच्या हाती पोचतं ते उरलेलं. सर्व्हरच्या डॅशबोर्डवर त्या क्षणी ‘ट्रान्सकोड’ लिहिलंय की ‘डायरेक्ट प्ले’, एवढं पाहिलं तरी निम्मा शोध संपतो. टीव्हीला लावायच्या स्वस्त स्टिक बहुधा ट्रूएचडी पाठवत नाहीत. एनव्हिडिया शील्ड टीव्ही प्रो या प्लेयरचं नाव या छंदातले लोक २०१९ पासून घेतात ते तो ट्रूएचडी पाठवतो म्हणूनच. ॲपल टीव्ही ४के चा रस्ता निराळा: आवाज स्वतः उलगडायचा आणि ओटीटीचं ॲटमॉस मॅट नावाच्या वेगळ्या वेष्टनात रिसीव्हरला द्यायचं. त्यामुळे पासथ्रू नसूनही काचेवर ‘ॲटमॉस’ उमटतं. पण घरच्या ट्रूएचडी ॲटमॉस फाइलचा आवाज त्यावर अनेक वर्षं साध्या ७.१ मध्येच मिळत आला.

फाइलींच्या बाबतीत एक हळहळ वाटावी अशी गोष्ट घडते. डीटीएस-एचडीच्या पोटात साध्या डीटीएसचा गाभा असतो. जुन्या रिसीव्हरला बाकीचं कळलं नाही तरी तो गाभा तो वाजवतो. ट्रूएचडीत असा गाभा नसतो. म्हणून ब्लू-रेवर त्याच्यासोबत डॉल्बी डिजिटलचा जोडट्रॅक दिलेला असतो. स्वतःच्या डिस्कची फाइल करताना जागा वाचवण्यासाठी लोक नेमका तोच काढून टाकतात, आणि मग जुन्या रिसीव्हरवर त्या चित्रपटाला पासथ्रूने वाचाच फुटत नाही. वाचते ती जागा किरकोळ, जातो तो अख्खा चित्रपट.

‘सगळ्या स्पीकरमधून आवाज येतोय, म्हणजे सराउंड चालू आहे’ या समजुतीपोटी मात्र कानांवर विसंबू नये. रिसीव्हरमधले डॉल्बी सराउंड किंवा न्यूरल:एक्स हे मोड स्टीरिओतूनही मागचे स्पीकर बोलते करतात. ओटीटीच्या पडद्यावरची ५.१ ची खूणही पुरावा नाही. तो ट्रॅक उपलब्ध आहे एवढंच ती सांगते, तो रिसीव्हरपर्यंत पोचला असं नाही. पुरावा असतो रिसीव्हरच्या माहितीच्या बटणाखाली, जिथे आत आलेल्या सिग्नलचा प्रकार आणि चॅनेल दिसतात.

महागडी एचडीएमआय केबल हाही उपाय नाही. तार कमी पडली तर आवाज तुटतो किंवा जातो. तो किंचित फिका होत नाही. ई-एआरसीसाठी ‘हाय स्पीड विथ इथरनेट’ असं लिहिलेली साधी केबल पुरते.

शोध घ्यायचा तो क्रमाने. एचडीएमआयवर प्रत्येक उपकरण आपल्याला काय काय वाजवता येतं त्याची यादी मागच्याला, म्हणजे त्याला सिग्नल पाठवणाऱ्याला देतं, ईडीआयडी नावाची. ती यादी चुकीच्या वेळी वाचली गेली, समजा रिसीव्हर झोपलेला असताना, तर प्लेयर टीव्हीची स्टीरिओपुरती यादी धरून बसतो. म्हणून सगळं बंद करून आधी टीव्ही, मग रिसीव्हर, शेवटी प्लेयर चालू करावा. बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. मग प्लेयर थेट रिसीव्हरला लावून साध्या डॉल्बी डिजिटल ५.१ ची फाइल वाजवावी. ती चालली तर डॉल्बी डिजिटल प्लस, मग डीटीएस, शेवटी ट्रूएचडी. ज्या पायरीला अडेल तिथेच दोष.

कोडीत कीबोर्डवरचं ओ बटण दाबलं की चालू ट्रॅकची माहिती पडद्यावर येते. आवाजाच्या डिकोडरचं नाव पीटी या अक्षरांनी सुरू होत असेल तर पासथ्रू चालू आहे; एफएफने सुरू होत असेल तर कोडी स्वतः आवाज उलगडतंय. आणि तिथे मुळातच दोन चॅनेल दिसत असतील, तर ट्रॅक बदलून पाहावा. डब केलेल्या भाषेचा ट्रॅक स्टीरिओ आणि मूळ भाषेचा ५.१, असं एकाच चित्रपटात अनेकदा असतं.