आमवात आणि हृदय : पथ्याची धाव कुठवर?

सांधे धरू लागले की आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो तो पथ्याचा. आंबट बंद, दही बंद, वांगे-बटाटा आणि हरभऱ्याची डाळ बंद. सकाळी भिजवलेली मेथी, रात्री हळदीचे दूध. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्याच, तर ‘त्या गरम पडतात, यकृत आणि हृदय बिघडवतात’ म्हणून कपाटात पडून राहतात. सल्ला मायेपोटी दिलेला असतो, पण आमवातात त्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते : सांध्यांत आणि हृदयात. दुसऱ्या किमतीची कल्पना फार थोड्यांना असते. म्हणून आहाराचे काम कोणते आणि औषधाचे कोणते, हे येथे संशोधनाच्या आधारे पाहू.

कोणता संधिवात?

‘संधिवात’ हा शब्द आपण ढोबळपणे वापरतो. वयोमानाने गुडघ्यातील कूर्चा झिजते, तो झिजेचा संधिवात वेगळा. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ज्याला सर्वसाधारणपणे आमवात म्हटले जाते, तो वेगळा. यात शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. अस्तर सुजते, जाड होते आणि शेजारचे हाड व कूर्चा कुरतडू लागते. बोटांचे आणि मनगटांचे सांधे दोन्ही हातांत सुजणे, सकाळी अर्धा-एक तास बोटे न वळणे ही त्याची नेहमीची लक्षणे.

हा आजार दुर्मीळ नाही. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून इंदापूर तालुक्यातील भिगवण येथे घरोघरी जाऊन पाहणी केली. तीत प्रौढांमध्ये आमवाताचे प्रमाण सुमारे ०.५ टक्का आढळले, म्हणजे दर दोनशे प्रौढांमागे एक रुग्ण. स्त्रियांमध्ये तो पुरुषांच्या दोन ते तीन पट अधिक दिसतो.

सांध्यातील दाह हृदयापर्यंत

सांध्यात दाह पेटवणारी रसायने सांध्यातच थांबत नाहीत. रक्तावाटे सर्वत्र फिरतात. धमन्यांच्या आतल्या भिंतीत चरबीचा थर साचण्यात आणि तो फुटण्यात दाहाचा मोठा वाटा असतो. थर फुटला की त्यावर गुठळी होते आणि हृदयविकाराचा झटका येतो. म्हणूनच युरोपातील संधिवाततज्ज्ञांची ‘युलर’ ही संघटना सांगते, की आमवाताच्या रुग्णाच्या हृदयविकाराचा धोका नेहमीच्या कोष्टकाने काढावा आणि त्याला दीडने गुणावे.

येथे एक फसवी गोष्ट घडते. आमवात जोरात असताना रक्तातील कोलेस्टेरॉल कमी दिसू शकते, आणि उपचाराने दाह शमला की थोडे वाढते. पहिला अहवाल पाहून निर्धास्त होणे आणि दुसरा पाहून औषधाला दोष देणे, दोन्ही चूक.

दाह कमी केल्याने हृदय खरोखर वाचते का? २०१७ च्या ‘कँटॉस’ चाचणीत, आधी झटका येऊन गेलेल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांपैकी काहींना केवळ दाह रोखणारे इंजेक्शन दिले गेले. कोलेस्टेरॉल बदलले नाही, तरी मधल्या मात्रेत झटका, पक्षाघात आणि हृदयमृत्यू मिळून सुमारे १५ टक्के घटले. मात्र जीवघेणे जंतुसंसर्गही थोडे वाढले. पुढच्याच वर्षी मेथोट्रेक्सेट हे आमवातावरचे औषध, आमवात नसलेल्या हृदयरुग्णांना देऊन पाहिले; त्याचा उपयोग झाला नाही. मेथोट्रेक्सेट हे सरसकट हृदयाचे औषध नव्हे, एवढे त्यातून कळते. आमवाताच्या रुग्णांच्या निरीक्षणांत मात्र, ते घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले आहे.

पथ्याने काय साधते?

आहाराचा परिणाम होत नाही, असे मुळीच नाही. नॉर्वेतील संशोधकांनी १९९१ साली ५३ रुग्णांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. त्यातील एका गटाने आठवडाभराहून थोडा अधिक काळ उपवास आणि नंतर वर्षभर शाकाहार पाळला. त्यांच्या वेदना आणि सूज कमी झाली. स्वीडनमध्ये २००३ साली भाज्या, फळे, मासे आणि ऑलिव्ह तेलाच्या भूमध्यसागरी आहाराने बारा आठवड्यांत माफक सुधारणा दिसली. पण हे अभ्यास लहान होते आणि आपण काय खातो हे रुग्णाला ठाऊक होते. केवळ उपवासाने आलेला आराम तर जेवण सुरू झाले की बहुधा ओसरतो.

सर्वांत बोलका प्रयोग ऑस्ट्रेलियातील ॲडलेडचा, २०१५ मध्ये छापून आलेला. नुकताच आमवात झालेल्या रुग्णांना मोठ्या मात्रेत माशाचे तेल दिले, तेव्हा औषधे अपुरी पडण्याचे प्रमाण घटले. लक्षात घेण्याची गोष्ट ही, की औषधे दोन्ही गटांना चालू होती. तेल त्यांच्या जोडीला होते, जागी नव्हते.

हृदयाच्या बाबतीत आहाराची बाजू अधिक भक्कम आहे. स्पेनमधील ‘प्रेडिमेड’ या सुमारे साडेसात हजार लोकांच्या अभ्यासात भूमध्यसागरी आहाराने हृदयविकार व पक्षाघात सुमारे ३० टक्क्यांनी घटले. त्यातील त्रुटी सुधारून २०१८ मध्ये तो पुन्हा प्रसिद्ध झाला. निष्कर्ष तोच राहिला.

औषधांचा हिशेब

‘औषध’ म्हणून आपण तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र करतो. पहिली वेदनाशामके. ती दुखणे दाबतात, हाडाची झीज थांबवत नाहीत, आणि दीर्घकाळ घेतली तर हृदय व मूत्रपिंडांना धोका वाढवतात. रोफेकॉक्सिब हे वेदनाशामक याच कारणाने २००४ साली जगभरातून मागे घेतले गेले. दुसरी स्टेरॉइड्स. १९४८ मध्ये कॉर्टिसोनने अंथरुणाला खिळलेले रुग्ण चालू लागले आणि दोनच वर्षांत त्या शोधाला नोबेल मिळाले. पण दीर्घकाळ घेतल्यास साखर, रक्तदाब आणि हाडांचा ठिसूळपणा वाढतो. ‘चार दिवसांत गुण’ देणाऱ्या बेनावी पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते, ते म्हणूनच घातक.

तिसरा गट आजाराच्या मुळाशी जाणाऱ्या औषधांचा. मेथोट्रेक्सेट त्यातले प्रमुख. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, चुकून रोज घेतले तर जिवावर बेतते. सोबत फोलिक ॲसिड द्यावे लागते, ठरावीक काळाने रक्त आणि यकृत तपासावे लागते, गर्भारपणात ते चालत नाही. याच गटातील टोफासिटिनिबसारखी नवी गोळी, पन्नाशी उलटलेल्या आणि हृदयविकाराचा धोका असलेल्या रुग्णांत जपून वापरावी लागते. म्हणजे भीती अगदीच निराधार नाही. पण तिचे उत्तर देखरेख हे आहे, औषध टाळणे नव्हे. कारण हाडांची न भरून येणारी हानी पहिल्या दोन वर्षांतच सुरू होते आणि पहिले तीन ते सहा महिने सर्वांत मोलाचे असतात. हेच महिने नुसत्या पथ्यावर गेले, तर वाकडी झालेली बोटे पुढे कुठल्याही आहाराने सरळ होत नाहीत.

ताटात काय असावे?

आमवातात वांगे, टोमॅटो किंवा दही सर्वांनीच सोडावे, याला ठोस पुरावा नाही. एखाद्याला विशिष्ट पदार्थाने त्रास होत असेल, तर त्याने तो जरूर टाळावा. पण दूध, डाळी, भाज्या सरसकट बंद केल्याने आधीच अशक्त रुग्ण आणखी खंगतो. भाकरी, उसळ, पालेभाजी, ताक, मूठभर शेंगदाणे हे आपले साधे जेवण हृदयाला चांगलेच आहे. किनारपट्टीवर बांगडा आणि तारली आठवड्यातून दोनदा खावी. जवसाची चटणीही उत्तम, पण जवसातील ओमेगा-३ चे माशातल्या प्रकारात रूपांतर फार थोडे होते. पापड, लोणचे, फरसाण, वनस्पती तूप आणि साखर यांवर हात आखडावा. वजन आटोक्यात ठेवावे. धूम्रपानाने आमवात आणि हृदयविकार दोन्ही बळावतात, आणि मिश्री हीसुद्धा तंबाखूच आहे हे विसरू नये.

आहार की औषध, असा प्रश्नच म्हणून आमवातात गैरलागू ठरतो. सांध्यांचा दाह वेळेत आवरायला औषध लागते, आणि त्याने हृदयावरचा भारही हलका होतो. रक्तदाब, साखर, वजन सांभाळायला आहार लागतो, आणि त्याने औषधालाही साथ मिळते. बोटांची सूज सहा आठवडे टिकली, तर संधिवाततज्ज्ञाला दाखवावे. आणि तपासणी सांध्यांची होत असतानाच रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉलही पाहून घेण्याचा आग्रह धरावा.