न्हाणीमागची केळ

दापोलीकडे आजीचं घर होतं. न्हाणीच्या मागे हातभर रुंदीचा एक चर काढलेला असायचा. आंघोळीचं पाणी त्यातून आधी अळवाच्या वाफ्यात जायचं, तिथून केळीच्या बुंध्याशी आणि उरलंसुरलं पोफळीच्या आळ्यात. चराच्या कडेने कर्दळ माजलेली. आठ-दहा दिवसांनी आजी पदर खोचून चरातला गाळ फावड्याने ओढायची आणि तोच केळीला घालायची. त्या अळवाचं फदफदं मी वर्षानुवर्षं खाल्लं, पण ते अळू नेमकं तिथेच का लावलंय हे समजायला मला स्वतःची बाग करावी लागली.

अळू, केळ, कर्दळ या तिघांनाही मुळाशी सतत ओल लागते, म्हणून ती न्हाणीमागे. पारिजातक पुढच्या अंगणात, कारण त्याची फुलं रात्री उमलतात आणि पहाटे गळतात. ती वेचायला खाली सारवलेली जमीन हवी. कढीपत्ता मागच्या दाराशी, म्हणजे तेल तापेपर्यंत डहाळी हाताशी येते. शेवगा मात्र घरापासून लांब. त्याच्या फांद्या ठिसूळ, वाऱ्यावावदळात कडाकड मोडतात आणि कौलं फोडतात. प्रत्येक झाडाची जागा आधी ठरलेली होती. आपण आज नेमकं उलट करतो. नर्सरीत फुललेलं झाड दिसतं, आपण ते गाडीत घालून आणतो आणि मग घरात त्याच्यासाठी कोपरा शोधतो.

जागा पारखायची म्हणजे सगळ्यात आधी ऊन पारखायचं. मुंबई-पुण्यात मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो. या दोन दिवसांच्या मधल्या काळात तो दुपारी किंचित उत्तरेकडे असतो. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेला इतका कलतो, की भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम 48 अंशांवर असतो. याचा अर्थ दक्षिणेच्या गॅलरीत डिसेंबरात ऊन थेट आतल्या भिंतीपर्यंत येतं आणि मेमध्ये वरच्या स्लॅबच्या सावलीमुळे तीच गॅलरी दुपारी जवळजवळ बिनउन्हाची राहते. थंडीत तिथे छान फुललेलं झाड उन्हाळ्यात का रुसतं, याचं कारण खतात शोधू नका. दक्षिणेची गॅलरी मेथी, कोथिंबीर, टोमॅटो, झेंडू अशा हिवाळी लागवडीसाठी उत्तम. पूर्वेचं कोवळं ऊन तुळस आणि जास्वंदीला मानवतं. पश्चिमेचं ऊन कडक; तिथे बोगनवेल, कोरफड किंवा सरळ जाळीवर चढवलेली मधुमालती. मधुमालती दाट झाली की खोलीत येणारी दुपारची झळही कमी होते, आणि संध्याकाळी पांढरी उमललेली फुलं पुढे गुलाबी, मग लाल होत जातात. उत्तरेच्या सावलीत मनीप्लँट सगळेच लावतात, पण तिथे विड्याच्या पानांचा वेल लावून पाहा. सावली आणि दमट हवा हे त्याचं माहेर.

मोगऱ्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण ‘मोगरा आहे पण फूल नाही’ ही तक्रार मी घरोघरी ऐकतो. मोगऱ्याला रोज किमान पाच-सहा तास थेट ऊन लागतं, आणि फूल येतं ते नव्या फुटीवर. थंडीत त्याचं पाणी कमी करायचं, अगदी पानं मलूल होईपर्यंत. जानेवारीअखेरीस सगळ्या फांद्या निम्म्यावर छाटायच्या, उरलेली पानं हाताने ओरबाडून काढायची, आळं उकरून शेणखत घालायचं आणि मग भरपूर पाणी सुरू करायचं. महिन्याभरात लालसर कोवळी फूट येते, आणि तिच्या शेंड्याला कळ्यांचे तुरे. ज्यांना कात्री चालवायला जीव होत नाही, त्यांच्या मोगऱ्याला पानंच येत राहतात.

गच्चीवर बाग करणाऱ्यांनी एक हिशोब आधी मांडावा. एक घनफूट ओली माती साधारण 45 ते 50 किलो भरते. दहा फूट बाय दहा फुटांचा, एक फूट खोलीचा वाफा केलात तर गच्चीवर जवळजवळ पाच टन ओझं चढलं. प्रत्येक चौरस मीटरवर ते 500 किलोच्या आसपास जातं. ये-जा करण्याच्या गच्चीसाठी आपल्याकडच्या मानकात धरलेला भार 150 किलो आहे. म्हणून वाफे हवेच असतील तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. जड कुंड्या मध्यभागी न ठेवता खाली तुळई किंवा भिंत असेल तिथे ठेवा, आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग झाडं लावण्यापूर्वी उरकून घ्या.

निव्वळ माती कुंडीत तशीही चालत नाही. मी सुरुवातीला शेतातली काळी माती पोती भरून आणली. पावसाळ्यात तिच्यातून पाणी उतरेना, आणि श्रावण संपेपर्यंत तीन तुळशी मुळापाशी कुजल्या. उन्हाळ्यात तीच माती आकसून कुंडीच्या कडेपासून सुटली. घातलेलं पाणी फटीतून थेट खालच्या ताटलीत, मुळं कोरडीच. आता मी माती, कंपोस्ट आणि कोकोपीट समसमान घेतो, वर दोन मुठी निंबोळी पेंड. वजन उतरलं आणि झाडं तगली.

कंपोस्ट विकत आणायची गरज नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी विटांच्या भिंतीत मुद्दाम फटी ठेवून 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच हौद बांधला, आणि त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘नाडेप’ पद्धत देशभर गेली. थोडं शेण, माती आणि भरपूर काडीकचरा, एवढंच त्यात लागतं. फटींतून हवा खेळते म्हणून कचरा सडून घाण मारत नाही, कुजतो. घरी हेच तत्त्व भोकं पाडलेल्या ड्रममध्ये चालतं. पालापाचोळ्याचा थर, स्वयंपाकघरातला ओला कचरा, वर मूठभर जुनं खत. तीन-चार महिन्यांत काळंभोर, मातीसारख्या वासाचं खत हातात येतं. हे माहीत असताना सोसायट्यांच्या कोपऱ्यात पाचोळा पेटलेला दिसला की मनापासून वाईट वाटतं.

बंगल्याचं अंगण असेल तर माझी कळकळीची विनंती आहे, ते पेव्हर ब्लॉकने बुजवू नका. पुण्यात वर्षाला सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो असं धरलं, तरी हजार चौरस फुटांच्या अंगणावर 65 हजार लिटर पाणी पडतं. ते जमिनीत मुरायला हवं, रस्त्यावर लोटायला नको. चालण्यापुरते जांभ्याचे चिरे किंवा फरश्या टाका, मध्ये दोन-तीन बोटं जागा सोडून तिथे दूर्वा वाढू द्या. अंगणाचा उतार एका सखल कोपऱ्याकडे काढा आणि त्या कोपऱ्यात कर्दळ लावा. मोठं झाड एकच लावायचं तर ताम्हण. आपलं राज्यपुष्प, महाराष्ट्र दिनाच्या सुमारास जांभळ्या घोसांनी भरतं. वड, पिंपळ, उंबर थोर खरे, पण त्यांची मुळं पायात शिरतात. ती मोकळ्या माळावरच शोभतात. घरात लहान मूल असेल तर कण्हेर आणि बिट्टी टाळा. दोन्ही विषारी आहेत.

आणि एक लिंबू असू द्या. त्याच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा काळापांढरा ठिपका दिसला तर औषधाची बाटली आणू नका. जरा वाकून पाहिलंत तर ठिपका हलतो. ती फुलपाखराची अळी असते. काही दिवसांत ती हिरवीगार होते आणि बोटाने डिवचली तर डोक्यामागून दोन मऊ शिंगं बाहेर काढते. ब्लू मॉरमॉन, म्हणजे 2015 मध्ये राज्य फुलपाखरू ठरलेलं नीलवंत, त्याच्या अळ्याही लिंबाच्याच कुळातली झाडं खातात. दहा-वीस पानं गेल्याने लिंबाचं काही बिघडत नाही.

या दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस काढा. सकाळी आठला, दुपारी बाराला आणि चारला आपल्या गॅलरीत किंवा अंगणात उन्हाची कड खडूने आखा, तारीख घालून वहीत उतरवा. मेमध्ये पुन्हा एकदा आखा. मोगऱ्याची छाटणी जानेवारीअखेरीस आहे, तोवर त्याची कुंडी सर्वांत जास्त ऊन मिळेल अशा जागी हलवून ठेवा.