नव्या बकलाचा हट्ट

भोपाळच्या अशोका गार्डनमधून सकाळी कामाला निघालेल्या एखाद्या इलेक्ट्रिशियनने हत्यारांचा नवा जाड पट्टा कमरेला लावला, की ‘खट्’ आवाज होतो आणि पट्टा बसतो. संध्याकाळी मात्र दोन्ही बाजूंनी दाबून दाबून अंगठे दुखतात, तरी बकल सुटत नाही. काही आठवड्यांनी तेच बकल चिमटीत सुटू लागतं. मधल्या काळात आत काय घडलं असेल?

आधी बकल उघडून बघा. नर भागाला दोन लवचीक दांड्या असतात. आत शिरताना त्यांच्या टोकांचा उतार मादीच्या कडेवर घासतो, दांड्या आत वाकतात आणि खाच आली की उसळून बाहेर येतात. परतीच्या वाटेवर उतारच नाही! तिथे जवळजवळ काटकोनातला खांदा असतो. म्हणून पट्टा जितका ओढाल तितका तो खांदा अधिक घट्ट टेकतो. यात ना स्क्रू, ना वेगळी स्प्रिंग. वाकणारं प्लास्टिकच स्प्रिंगचं काम करतं.

आणि हे प्लास्टिक तरी कसलं? चांगल्या बकलांत बहुधा ॲसिटल असतं, म्हणजे फॉर्मल्डिहाइडच्या रेणूंची लांबच लांब साखळी. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत बरणीतला बेडूक टिकवणाऱ्या फॉर्मेलिनमध्ये विरघळलेला असतो, तोच हा वायू! रसायनशास्त्रज्ञ हर्मान श्टाउडिंगर यांनी 1920 च्या दशकातच या साखळ्यांचा अभ्यास केला होता, पण उष्णता लागली की त्या टोकाकडून उसवत जायच्या. पुढे ड्युपाँट कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी साखळीच्या टोकांवर रासायनिक टोपणं बसवली, उसवणं थांबलं, आणि 1960 मध्ये ‘डेल्रिन’ बाजारात आलं. एवढ्याशा टोपणामुळे!

आता घट्टपणाकडे येऊ. डोळ्यांना गुळगुळीत दिसणारा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली खडबडीत असतो. दोन भाग एकमेकांना टेकतात ते फक्त मोजक्या उंचवट्यांवर, आणि सगळा भार त्यांच्यावरच येतो. शिवाय साच्याचे दोन भाग जुळतात तिथे बारीक कड उरलेली असते. नव्याने टाकी लावलेल्या जात्यातून पहिल्या दळणात दगडाची कच पडते, तसंच इथे होतं: पहिल्या उघडझापीत टोकदार उंचवटे झिजतात, दबतात, आणि एकमेकांवर घासणारे पृष्ठभाग परस्परांना साजेसे होतात. म्हणून नवं बकल मोकळं करायचं तर पट्टा कमरेला न बांधता, हातात धरून ते पुन्हा पुन्हा लावा आणि सोडा.

हातात धरूनच का? 1699 मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ आमोंतों यांनी मांडलेला नियम इथे लागू पडतो: दाब वाढला की घर्षणही त्याच प्रमाणात वाढतं. ताणलेल्या पट्ट्यात खांद्यावर प्रचंड दाब असतो, म्हणजे सुटताना तितकंच घर्षण. पोट जरा आत घ्या, पट्टा सैल पडू द्या, मग दाबा. जोर लावण्यापेक्षा हे कितीतरी सोपं!

तरीही अडतंय? घासणाऱ्या कडांवर पेन्सिलीचं शिसं फिरवा. शिसं म्हणजे मुख्यतः ग्राफाइट, पण ते निसरडं राहतं ते हवेतल्या बाष्पामुळे! दुसऱ्या महायुद्धात उंच उडणाऱ्या विमानांतल्या विद्युतयंत्रांचे ग्राफाइटयुक्त कार्बन ब्रश कोरड्या, विरळ हवेत भराभर झिजू लागले, तेव्हा ही गोष्ट लक्षात आली.

ॲल्युमिनियमच्या बकलावर मात्र पेन्सिल अजिबात नको. ग्राफाइटला निसरडं ठेवणारा ओलावा जरा वाढला, की तिथे विजेचा इवलासा घट तयार होतो आणि त्यात हळूहळू खाल्लं जातं ते ॲल्युमिनियम.