मनाचं भांडवल

महाडजवळचं नाते हे चिंतामणराव देशमुखांचं जन्मगाव. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री आणि १९५६ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष! पैसा आणि महाविद्यालय, दोन्हींचा कारभार त्यांनी पाहिला.

या दोहोंचं नातं मनातही असतं. आशा, आत्मविश्वास, चिवटपणा आणि आशावाद यांना फ्रेड ल्युथान्स यांनी ‘मानसिक भांडवल’ म्हटलं. घरच्या तंगीची झळ या भांडवलालाही लागते आणि बुद्धीलाही. २०१३ मध्ये ‘सायन्स’मध्ये तमिळनाडूच्या ऊस शेतकऱ्यांवरचा अभ्यास आला. हातात पैसा नसताना, म्हणजे तोडणीआधी, जे शेतकरी बुद्धीच्या चाचणीत मागे पडले, तेच तोडणीनंतर सरस ठरले. माणसं तीच, विवंचनेने त्यांचं लक्ष खाल्लं होतं. म्हणूनच एसटीच्या पासाची आणि परीक्षा फीची चिंता डोक्यात घेऊन वर्गात बसलेल्या पोराला ‘ढ’ म्हणणं अन्यायाचं आहे. जुलै २०२१ च्या पुरात महाडची दुकानं बुडाली, तेव्हा अशी पोरं घरोघरी होती.

फीची ही चिंता हलकी करायला, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या पात्र मुलामुलींसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. पालकांनो, उत्पन्नाचा दाखला प्रवेशाआधीच तहसीलमधून काढून ठेवा.